बाराच्या आत

माझा भाऊ प्रसेनजित पुण्याहून वर्षातून दोनदा येतो, आणि आला की आम्हाला सुधारून जातो. मागच्या खेपेला त्यानं आईच्या न्हाणीत गिझर बसवला. लाइट असली की तो चालतो, म्हणजे आमच्या मेडशीत पावसाळाभर तो भिंतीची शोभा वाढवतो. या भादव्यात तो दोन दिवसांसाठी आला, तो ठरवूनच आला होता. आईला वाशीमला न्यायचं, साखरेची तपासणी करायची आणि मग एखाद्या चांगल्या हॉटेलात तिला जेवू घालायचं.

तपासणीला माझी ना नव्हती. मी अंगणवाडी सेविका आहे, सासर गावातच, आईच्या घरापासून चार घरांवर. तिची साखरेची गोळी, तिचे पाय चेपणं, तिचे रुसवे, सगळं माझ्याच वाट्याला. पण भावानं दिवस काढला तो नेमका पौर्णिमेचा. त्याला तेवढीच सुट्टी होती आणि संध्याकाळी सातची ट्रॅव्हल्स.

आई वर्षावासातल्या, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांतल्या, प्रत्येक पौर्णिमेला आणि अष्टमीला अष्टशील घेते. पांढरं पातळ नेसायचं, विहारात भंतेजींसमोर शील घेऊन वंदना करायची आणि दुपारी बाराच्या आत एकदाच जेवायचं. बारा वाजले की दुसरा दिवस उजाडेपर्यंत अन्नाचा कण नाही. सरबत किंवा बिनदुधाचा चहा तेवढा चालतो. गावातल्या आठ-दहा बायका हे शील घेतात आणि पाच-दहा मिनिटं इकडची तिकडे झाली तर बहुतेकजणी कानाडोळा करतात. आमची आई करत नाही. मागच्या पौर्णिमेला साडेअकराला पोटभर जेवूनसुद्धा रात्री ती विहाराच्या पायऱ्यांवर घेरी येऊन पडली होती. म्हणून तर ही तपासणी.

सकाळी सहाला मी पोळ्या आणि मुगाची भाजी करून डबा भरला. प्रसेनजितनं तो माझ्या हातातून काढून घेतला.

"ताई, आज डबा नाही. आज आई हॉटेलमध्ये जेवणार."

"बाराच्या आत जेवा लागते तिले. तपासनीले उशीर झाला त काय करशीन?"

"मला माहीत आहे. मी पण याच विहारात वाढलो ना?"

"मंग बसस्टँडजवळच्या भोजनालयात नेजो. तिथं अकरापासून गरम ताट भेटते."

"बसस्टँडवर?" त्यानं असं तोंड केलं, जणू मी आईला गोठ्यात जेवायला वाढायला सांगितलं. "मी एवढ्या दुरून येतो आणि आईला बसस्टँडवर जेवू घालू?"

आई चपला शोधत होती. तिनं सगळं ऐकलं आणि चपला पायात सरकवल्या. मी डबा फळीवर ठेवला, तो जरा आपटूनच ठेवला. मनात म्हटलं, बरं आहे बाबा, तू शहाणा, तू कर. आज मी तोंड उघडणार नाही.

लॅबमध्ये आम्ही साडेआठला पोचलो. उपाशीपोटी रक्त द्यायला निम्मा जिल्हा आला होता. बाकावर जागा नव्हती म्हणून आई भिंतीला टेकून उभी राहिली. प्रसेनजितनं दोनदा जाऊन काउंटरवर इंग्रजीत विचारून पाहिलं, पण नंबर काही इंग्रजीनं पुढे सरकला नाही. रक्त घेतलं तेव्हा पावणेअकरा झाले होते.

आत जी मुलगी होती तिनं कापूस लावला आणि म्हणाली, "आता रोजची गोळी घ्या, लगेच जेवण करा, आन् जेवल्यावर दोन तासांनी परत या."

आईनं पिशवीतून गोळी काढली. मी म्हणणार होते, थांब, आधी ताट समोर येऊ दे. पण प्रसेनजित म्हणाला, "घेऊन टाक आई, दहा मिनिटांत जेवतोच आपण." तिनं गोळी तोंडात टाकली आणि वर दोन घोट पाणी प्यायली. माझं ओठावर आलेलं वाक्य मी गिळलं. ती चूक त्याची, आणि गप्प बसले ती माझी, हे मला तेव्हाही कळत होतं.

बाहेर ऑटो उभा होता. रतनसिंग नावाचा चाळिशीचा माणूस, आरशाजवळ सेवालाल महाराजांचा फोटो.

"कोठी न्याचं भाऊ?"

प्रसेनजितनं मोबाईल समोर धरला. "इथं एक आहे, साडेचार स्टार. तीनशे लोकांनी चांगलं म्हटलंय. फोटोपण मस्त आहेत."

"तुमी सांगान तिथं," रतनसिंग म्हणाला आणि त्यानं ऑटो सुरू केला.

पाटणी चौकात गर्दी होती. गणपती नुकतेच गेलेले, मांडवाचे बांबू अजून रस्त्यावर. साडेचार स्टारवाल्या हॉटेलापाशी पोचलो तर शटर अर्धं वर. आत एकजण खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकून फरशी धूत होता. प्रसेनजित वाकून आत गेला आणि वाकूनच बाहेर आला.

"बाराला उघडतं म्हणे."

"किती वाजले?" आईनं विचारलं.

"सव्वाअकरा. भरपूर वेळ आहे, आई."

शहरात राहणाऱ्यांना सव्वाअकरा म्हणजे भरपूर वेळ वाटतो. मला आईच्या कपाळाकडे बघून वेळ कळत होती. रात्रीच्या आठपासून तिच्या पोटात काही नव्हतं, आणि आता ती गोळी पोटात जाऊन अर्धा तास होत आला होता.

रतनसिंगनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुमी इकडच्याच ना? तुमाले त गाव मालूम असन."

"साहेबाले इचारा," मी म्हटलं.

हे वाक्य मला आज आठवतं तेव्हा जिभेला चटका बसतो. पण तेव्हा ते म्हणताना मला बरं वाटलं होतं. वर्षातले तीनशे साठ दिवस आईजवळ मी असते आणि गावभर नाव होतं पुण्याच्या मुलाचं. "लिलाबाईचा पोरगा पाहा, मायची किती काळजी." एक दिवस त्याचं नाक खाली झालं तर काय बिघडतं, असं मला वाटत होतं.

दुसरं हॉटेल हिंगोली रोडला. मोबाईलवर 'फॅमिली रेस्टॉरंट' लिहिलेलं होतं. समोर गेल्यावर पाटीवर त्याच्यापुढचे दोन शब्दही दिसले, अँड बार. दारातच बाटल्यांच्या रिकाम्या पेट्या रचलेल्या. आईनं ऑटोतून पाय खाली ठेवला होता तो परत वर घेतला.

"मी नाई येत इथं."

"आई, फॅमिली सेक्शन वेगळा आहे. वरच्या मजल्यावर."

"प्रसेन, मी सकाळी शील घेतलं हाये. हे पांढरं नेसून दारूच्या दुकानात चढू काय?"

त्याचा चेहरा उतरला. तो रागावला नव्हता, घाबरला होता. तो पुन्हा मोबाईलमध्ये डोकं घालून बसला, बोट वर, बोट खाली. अकरा पंचवीस.

"अकोला नाक्याच्या पुढे एक नवीन आहे. एसी. आत्ता उघडं आहे असं लिहिलंय. भाऊ, लवकर घ्या."

ऑटो परत गावात शिरला. आणि अकोला नाक्याला जाताना बसस्टँड लागतंच.

भोजनालयाच्या दारात मोठं पातेलं होतं, त्यातून वाफ निघत होती. वरणाच्या फोडणीचा वास ऑटोत आला. आत बाकांवर माणसं जेवत होती, पोरगी पाहायला निघाल्यासारखे टोप्या घातलेले दोन म्हातारे, कोर्टाच्या तारखेला आलेलं एक कुटुंब, एक कंडक्टर. वाढणारा पोळीवर पोळी टाकत होता. गर्दीमुळे रतनसिंगला तिथंच ब्रेक मारावा लागला. आम्ही भोजनालयाच्या अगदी समोर अर्धा मिनिट उभे होतो.

आई त्या पातेल्याकडे बघत होती. मी आईकडे बघत होते. प्रसेनजित मोबाईलकडे.

एक शब्द पुरला असता. "उतर" एवढाच. आईनं तो म्हटला नाही, कारण मुलाची हौस तिला मोडायची नव्हती. मी म्हटला नाही, कारण मला ती मोडायची होती. समोरची बस हलली आणि ऑटो पुढे गेला.

नव्या हॉटेलापाशी अकरा चाळीसला उतरलो. काचेचं दार, आत गार वारा, आत एकही गिऱ्हाईक नाही. रतनसिंगला सोडून दिलं. काउंटरवर हरीओम नावाची पट्टी लावलेला मॅनेजर हसून उठला. "या सर, बसा. जेवण आहे ना, सगळं आहे."

प्रसेनजितनं आईसाठी खुर्ची ओढली. ती बसली, पण पाठ टेकली नाही. मऊ खुर्चीवर ती अशी बसली होती जशी ग्रामपंचायतीच्या सभेत बसते. प्रसेनजितनं तिच्या मांडीवर रुमाल पसरला आणि सकाळपासून पहिल्यांदा तो हसला.

"ताई, तुला आठवतं? शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी आई मला वाशीमला आणायची. मला एक प्लेट भजी घेऊन द्यायची आणि स्वतः बाहेर उभी राहायची. म्हणायची, मला भूक नाही. मी आत बसून खायचो आणि काचेतून ती दिसायची."

मला आठवत नव्हतं, कारण मला कधी आणलंच नव्हतं. पण त्याच्या आवाजात जे होतं ते खरं होतं. मी मेनूकार्डातून मान वर काढली.

"आधी तयार काय हाये थे इचार."

"सगळं फ्रेश बनतं मॅडम," हरीओम म्हणाला. "दहा मिनिटं फक्त."

प्रसेनजितनं काजू करी सांगितली, पनीर, बटर रोटी, जिरा राईस. आईला विचारलं, तर ती म्हणाली, "काईबी चालते, लवकर आन म्हना." काउंटरवर मोठं गोल घड्याळ होतं. अकरा सेहेचाळीस.

वाटीत कांदा आणि लिंबू आलं. आईनं कांद्याची एक फोड उचलली, तेव्हा मला तिची बोटं दिसली. थरथरत होती. एसीत बसून तिच्या वरच्या ओठावर घाम होता.

मी उठून सरळ स्वयंपाकघरात घुसले. आचारी नुकता कांदा चिरायला बसला होता. तंदूर पेटत होता, त्यातून अजून धूर निघत होता. तांदूळ कुकरमध्ये, कुकर गार.

"दादा, माय उपाशी हाये, साखरेची गोळी घेतलेली. रातची पोळी असन त द्या. कालचा भात असन त द्या."

"ताई, शिळं ठेवत नाई आमी," तो अभिमानानं म्हणाला. "मालकाची सक्त ताकीद हाये."

"पाव? बिस्किट?"

त्यानं मान हलवली. मी बाहेर रस्त्यावर पळाले. एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला सिमेंटचं दुकान, पलीकडे सोयाबीनचं शेत. केळीची गाडी नाही, टपरी नाही. मी परत आले तेव्हा अकरा पंचावन्न झाले होते आणि प्रसेनजित काउंटरवर हात जोडून उभा होता. पुण्याहून आणलेली सगळी भाषा त्याच्या तोंडातून गेली होती.

"भाऊ, एक रोटी द्या ना. कच्ची असली तरी चालते. बारा वाजाच्या आत पाहिजेन."

"येऊनच राह्यली सर," हरीओम म्हणत होता. तोही घाबरला होता, पण तंदूर त्याचं ऐकत नव्हता.

मी काउंटरवरची साखर पाण्यात कालवली, लिंबू पिळलं आणि ग्लास आईच्या तोंडाला लावला. तिनं तो संपवला. थरथर जरा कमी झाली. पण साखरपाणी तासभर पुरतं आणि ती गोळी रात्रीपर्यंत काम करते, हे मला माहीत होतं. मागच्या पौर्णिमेला पोट भरलेलं असून ती पडली होती. आज उद्याच्या सूर्यापर्यंत या सरबतावर काढायचं म्हणजे काय होईल, ते मला डोळ्यासमोर दिसत होतं.

ताटं आली तेव्हा बारा वाजून चार मिनिटं झाली होती.

रोट्या फुगलेल्या, वर तूप. भाजीवर कोथिंबीर. प्रसेनजित घाईघाईनं घास मोडून आईच्या हातात द्यायला गेला. तिनं घड्याळाकडे पाहिलं, मग ताट हळूच दूर सारलं.

"राहू दे बाबू. झाली वेळ."

"आई, चार मिनिटं! चार मिनिटांनं काय होते?"

"बारा म्हनजे बारा. कोनी पाह्यत नाई म्हनून मोडाचं काय?"

"तू गोळी घेतली आहेस. तू पडशील."

"पडीन त पडीन. सरबत घेतलं ना."

प्रसेनजित खुर्चीवर बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "माह्यामुळे झालं," तो म्हणाला. "माह्या हौसेपायी."

तेवढं मी ऐकून घेतलं असतं तर सगळं त्याच्यावर ढकलून मी मोकळी झाले असते. सकाळपासून मला हेच तर हवं होतं. पण तो लहानपणी रडायचा तसाच रडत होता, खांदे हलवून, आवाज न करता. मला राहवलं नाही.

"एकट्या तुह्यामुळे नाई. मघा भोजनालयासमोर ऑटो थांबला होता. पातेलं भरून वरण होतं. मी पाह्यलं. मी मुद्दाम चूप बसली."

त्यानं हात खाली घेतले. "काय म्हनली तू?"

"तुह्यं नाक खाली व्हावं म्हनून."

"मायले उपाशी ठेवून?" तो उठून उभा राहिला. "थे थरथरून राह्यली आन् तू मजा पाहून राह्यली होती?"

"आन् तू कोन रे? दोन दिवस येतं आन् मले शिकवतं! तिचं रोजचं कोन करते? पडली तवा कोनं उचललं? तू त फोनवर होता!"

"मी पैसे नाई धाडत काय?"

"पैसे धाडतं, पन मायचे पाय काय तुले चेपावे लागते?"

काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. जे बहीण-भावानं कधी बोलू नये तेही बोललो. तो म्हणाला, यापुढे मी या गावात पाय ठेवणार नाही. मी म्हणाले, नको ठेवू, कोण बोलावतं. हरीओम काउंटरमागे कागद चाळत होता आणि आचारी दारात येऊन उभा राहिला होता.

"बसा," आई म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. आम्ही बसलो.

तिनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग डोळे मिटून हात जोडले, क्षणभर काहीतरी पुटपुटली, आणि दूर सारलेलं ताट स्वतःकडे ओढलं. रोटीचा तुकडा मोडला. त्याला भाजी लावताना थोडी टेबलावर सांडली.

"आई," मी म्हटलं. "तुह्यं शील..."

"शील मी अष्टमीले भंतेजीजवळ पुन्हा घेईन. तुमी दोघं एकमेकाच्या मनातून उतरले त थे कोनाजवळ जाऊन पुन्हा घ्याचं?"

तिनं घास तोंडात घातला. पहिल्या घासाला तिचे डोळे भरून आले. पंधरा वर्षांत मी तिला बारानंतर पौर्णिमेला जेवताना पाहिलं नव्हतं, आणि ती आता आमच्या दोघांसमोर, मान खाली न घालता, एकेक घास चावत होती. आम्ही दोघं हात मांडीवर ठेवून बघत बसलो.

अर्धी रोटी झाल्यावर प्रसेनजितनं नाक पुसलं. सकाळपासून ज्यासाठी धावपळ केली ते त्याच्या तोंडून निघून गेलं, सवयीनं निघावं तसं.

"आई... चांगलं आहे का?"

ती चावायची थांबली.

"चव नको इचारू, बाबू," ती म्हणाली. "जेवून राह्यली ना मी."